टेस्ट सिरीजमधला रँक आणि बाबांच्या नावावरचं कर्ज

सरळसेवा भरतीची तयारी करायला नागपुरात रूम करून राहणाऱ्या मुलामुलींनी हे वाचावं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या गावाकडच्या आईवडिलांनी वाचावं, म्हणून लिहिते आहे. ऑनलाइन टेस्ट सिरीजमधला 'ऑल महाराष्ट्र रँक' दाखवून आमच्याकडून चोवीस हजारांचं कर्ज काढून घेतलं. कर्ज बाबांच्या नावावर आहे. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे क्लासचं नाव देत नाही. पद्धत मात्र पूर्ण सांगते. वेगवेगळ्या नावांनी तीच चालू आहे, हे अभ्यासिकेतल्या मुलींशी बोलल्यावर मला कळलं.

मी भंडारा जिल्ह्यातली. घरी धानाची शेती. नंदनवनात तिघींनी मिळून घेतलेली रूम, मेसचा डबा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिका, एवढंच आमचं नागपूर. सीताबर्डीला जाणं म्हणजे पुस्तकं घ्यायला, नाहीतर फॉर्मसाठी फोटो काढायला. भरतीच्या जाहिराती कधी निघतील याचा नेम नसतो, पण रूमचं भाडं आणि मेसचे पैसे दर महिन्याला लागतातच. ते येतात धानाच्या चुकाऱ्यातून, म्हणजे विकलेल्या धानाच्या पैशांतून, आणि चुकारे वेळेवर मिळत नाहीत हे भंडारा-गोंदियाच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

टेस्ट सिरीज लावण्यात काही गैर नाही, हे आधीच सांगते. २०२३ ची तलाठी भरती घ्या. १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता-अंकगणित, प्रत्येकी २५ प्रश्न. निगेटिव्ह मार्किंग नव्हतं. अशा पेपरात अंकगणितात दहा मिनिटं जास्त गेली की मराठीचे हातातले मार्क जातात. घड्याळ लावून, स्क्रीनवर, पुन्हा पुन्हा पेपर सोडवल्याशिवाय तो अंदाज येत नाही. त्यामुळे प्रत्येक जण कुठली ना कुठली सिरीज लावतोच, आणि नेमकी हीच गरज या लोकांनी हेरली आहे.

अभ्यासिकेच्या जिन्यावर पोस्टर लागलं होतं: 'टीसीएस पॅटर्न, ४९९ रुपयांत पूर्ण सिरीज, पहिली टेस्ट मोफत'. टीसीएस म्हणजे भरतीच्या ऑनलाइन परीक्षा घेणारी कंपनी. आम्ही तिघींनी घेतली. पहिल्या पेपरला माझा रँक नऊ हजारांच्या घरात आला. पुढच्याला सात, मग पाच, मग तीन हजार. प्रत्येक पेपरनंतर हिरव्या रंगात बाण वर जायचा आणि खाली ओळ यायची, 'तुम्ही निवडीच्या जवळ आहात'. दिवसभर वाचून डोळे दुखत असताना तो हिरवा बाण पाहिला की किती बरं वाटतं, हे ज्याने तयारी केली आहे त्यालाच कळेल.

रँक दोन हजारांच्या आत आला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणारा अतिशय अदबीने बोलत होता. "ताई, अभिनंदन. तुमचा स्कोअर १६४ आहे, आमच्या डेटाप्रमाणे कटऑफ १७२ जाणार. आठ मार्कांसाठी अख्खं वर्ष घालवणार का? आमच्या पर्सनल बॅचमध्ये फक्त दोन जागा राहिल्या आहेत." वय सव्वीस. घरी लग्नाचं बोलणं सुरू झालेलं. 'आठ मार्कांसाठी वर्ष' हे शब्द कुठे लागतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

आता या १७२ बद्दल. तलाठी भरतीची निवड यादी जिल्हानिहाय लागते आणि त्यात प्रवर्गनिहाय, शिवाय महिला, माजी सैनिक, खेळाडू अशा समांतर आरक्षणाप्रमाणे वेगवेगळे कटऑफ असतात. गडचिरोलीचा आणि पुण्याचा कटऑफ एक कसा असेल? त्यावर पुन्हा नॉर्मलायझेशन. दहा लाखांवर अर्ज आले होते, म्हणून परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये कितीतरी दिवस वेगवेगळ्या शिफ्टमध्ये झाली. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, त्यामुळे मार्क सूत्राने समान पातळीवर आणले गेले. त्यातूनच २०० पैकी २१४ गुण दिसले आणि जानेवारी २०२४ मध्ये राज्यभर गदारोळ झाला. ज्या परीक्षेत स्वतःचे कच्चे मार्क शेवटी किती होतील हे उमेदवाराला सांगता येत नाही, तिथे जाहिरात निघायच्या आधी संपूर्ण महाराष्ट्राचा एकच कटऑफ फोनवर सांगणारा माणूस सरळ खोटं बोलतो आहे. असा एकच कटऑफ कुणी तुम्हाला ऐकवला, तर तिथेच फोन ठेवा.

मी मात्र क्लासच्या ऑफिसात गेले. ते मेडिकल चौकाच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो. बाबा गावावरून आले होते. चोवीस हजार एकदम जमणार नाहीत म्हटल्यावर समोरची मुलगी म्हणाली, "काका, काळजी नको, महिन्याला फक्त दोन हजार, बारा हप्ते. व्याज नाही. सात दिवसांत पसंत नाही पडलं तर पैसे परत." मग बाबांचं आधार, पॅन, बँकेचं पासबुक मागितलं. फोन तिनेच हातात घेतला, भराभर स्क्रीन पुढे सरकवल्या आणि ओटीपी आला की "काका, नंबर सांगा" म्हणत टाकत गेली. 'फीचे हप्ते' असंच शेवटपर्यंत म्हणत होती. कर्ज हा शब्द त्या टेबलावर एकदाही निघाला नाही.

प्रत्यक्षात काय झालं, ते नीट समजून घ्या. एका फायनान्स कंपनीने बाबांच्या नावावर चोवीस हजारांचं कर्ज मंजूर केलं, ती रक्कम क्लासला एकरकमी दिली आणि बाबांच्या खात्यावर ई-मँडेट बसवलं, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी घेतली. क्लासचे पैसे त्याच दिवशी वसूल. पुढे तो शिकवो न शिकवो, हप्ता बाबांच्या खात्यातून कापला जाणार. शिल्लक नसेल तर बँकेचा दंड वेगळा, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब झालं की उद्या पीककर्जाला अडचण.

पर्सनल बॅचमध्ये मिळालं काय? जुने रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि 'प्रीमियम' म्हणून आणखी पेपर. 'मेंटॉर' म्हणून दिलेला नंबर आठवड्याला एक सुविचार पाठवायचा.

उघडं पडलं ते एका प्रश्नावरून. 'महाराष्ट्रात एकूण जिल्हे किती?' मी ३६ लिहिलं, चूक दाखवलं. उत्तरतालिकेत ३५. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, हे तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेत विचारा. म्हणजे तो प्रश्न त्याआधीच्या कुठल्यातरी पेपरातून उत्तरासकट उचललेला होता. मग मी मागचे पेपर काढून बसले. महाराष्ट्रात पंचायत राज कधी लागू झालं, याचं उत्तर त्यांनी १९६१ दिलेलं. कायदा १९६१ चा, अंमलबजावणी १ मे १९६२ पासून. बुद्धिमत्तेच्या एका प्रश्नात 'खालील आकृतीत किती त्रिकोण आहेत' आणि खाली आकृतीच नाही. चाळीस-पन्नास रुपयांना मिळणाऱ्या जुन्या प्रश्नसंचांतलं जसंच्या तसं टाकलेलं होतं. यात सगळ्यात वाईट हे, की चुकीच्या उत्तरतालिकेवर सराव केला की बरोबर पाठ असलेलंही डळमळीत होतं. खऱ्या परीक्षेत ३५ की ३६ असा विचार करायला लावणारा सराव कशाला हवा?

एका रात्री रूममधलं वायफाय गेलं होतं. रूममेटच्या मोबाइलवर टेस्टचं पान उघडं होतं आणि त्यावर 'आत्ता इतके विद्यार्थी परीक्षा देत आहेत' हा आकडा पळत होता. ती एकदम म्हणाली, "अवं, हे पाय ना, नेट तं बंद हाय, मंग हा आकडा काऊन वाढून राहिला?" तिने मोबाइल डेटाही बंद केला. आकडा वाढतच होता. अकरा हजार आठशे, अकरा हजार नऊशे. म्हणजे तो आकडा कुठूनही येत नव्हता, पानातच बसवलेला होता. दुसऱ्या दिवशी तिने एक पेपर उघडला, एकही प्रश्न न सोडवता सबमिट केला. गुण शून्य. रँक ४,२१८. खाली तीच ओळ, 'तुम्ही निवडीच्या जवळ आहात'.

त्या शून्य गुणांच्या पानाचा स्क्रीनशॉट तिने तिथल्या तिथे काढला. आज आमच्या तक्रारीत सगळ्यात भक्कम कागद तोच आहे. तुम्ही कुठलीही सिरीज लावणार असाल, तर मोफतवाली टेस्ट आधी कोरी सबमिट करून बघा. जो खरा रँक दाखवतो, त्याच्या सिरीजमध्ये कोऱ्या पेपरचा रँक सगळ्यात शेवटचाच येईल.

पैसे परत मागितल्यावर सूर बदलला. आधी "मेल करा", मग "हेड ऑफिसला विचारतो", मग "तुम्ही लॉगिन केलं म्हणजे सेवा वापरली, रिफंड बसत नाही". 'सात दिवस' तोंडी होते, लेखी कुठेच नव्हते. त्यानंतर फोन उचलणंच बंद. भिंतीवरच्या फोटोंपैकी एक ताई आमच्या ओळखीच्या ओळखीतली निघाली. तिने तिथे फक्त एक मोफत टेस्ट दिली होती, फोटो लावायला कुणी तिला विचारलंही नव्हतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. निवडीची हमी देणं, 'दोनच जागा उरल्या' अशी खोटी घाई करणं, निवड झालेल्या उमेदवाराची निवडीनंतर लेखी संमती न घेता त्याचं नाव-फोटो वापरणं, या सगळ्याला त्यात मनाई आहे. आमच्या बाबतीत यातलं जवळजवळ सगळं घडलं होतं. तक्रार लिहिताना या सूचनांचा उल्लेख करा, फरक पडतो.

आम्ही काय केलं ते सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, क्रमांक घेतला. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही कळवलं आणि पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली. तिथे "पैसे तुम्हीच दिलेत" हे ऐकावं लागलं. ऐकून घ्या, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका. फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्क्रीनशॉटसकट पत्र पाठवलं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. डिजिटल कर्जात सुरुवातीचे काही दिवस मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडण्याची मुभाही असते. ती मुदत कर्जाच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते, आणि ते पत्रक मागणं हा तुमचा हक्क आहे. बाबांना ते कधी दाखवलंच गेलं नाही. बँकेत अर्ज देऊन ई-मँडेट बंद करता येतं, पण नुसतं तेवढं करून थांबू नका. हप्ता थांबला तरी कर्ज नावावर राहतं आणि वसुलीचे फोन सुरू होतात. कंपनीला लेखी कळवून, तक्रार नोंदवून मगच ते पाऊल उचला.

खासगी क्लास ग्राहक कायद्यात येतो. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते, वकील सक्तीचा नाही. आमचा अर्ज मी आणि रूममेटने मिळून मराठीत लिहिला.

आणि सरावासाठी काय करायचं, तर एमपीएससीच्या संकेतस्थळावर मागच्या परीक्षांचे पेपर आणि अंतिम उत्तरतालिका मोफत आहेत. तिथलं उत्तर आयोगाने हरकती तपासून ठरवलेलं असतं, कुठल्या पोस्टरवाल्याने नाही. परीक्षा टीसीएस किंवा आयबीपीएस (अशीच परीक्षा घेणारी दुसरी संस्था) घेणार असेल तर परीक्षेआधी बहुतेक वेळा मॉक लिंक मिळते, स्क्रीनची सवय त्यावर होते. आम्ही आता अभ्यासिकेत मोबाइलवर दोन तासांचं टायमर लावून एकत्र जुने पेपर सोडवतो आणि एकमेकींचे तपासतो. चुकलेल्या उत्तरावर वाद घालताना जे लक्षात राहतं ते कुठल्याच ॲपने दिलं नव्हतं.

मागच्या महिन्यात क्लासकडून निरोप आला: तक्रार मागे घ्या, बारा हजार परत देतो. बाबा म्हणाले, "अर्धे घेऊन गप बसायचं असतं तं आपण आलोच कशाले होतो?" नकार कळवला आहे. आमच्याच अभ्यासिकेतल्या आणखी काही मुलींच्या घरी असंच कर्ज निघालं आहे. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, तो अर्ज आम्ही तयार करतो आहोत. नागपुरात कुणाच्या बाबतीत हेच झालं असेल तर रँकची पानं, कॉल रेकॉर्डिंग, ओटीपीचे मेसेज आणि बँकेचं स्टेटमेंट आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा. आमच्या तक्रारीनंतर त्यांनी ॲपमधले जुने निकाल काढून टाकले आहेत.