तेच एक्सेल, पण लायसन्स घरगुती: आठ महिन्यांनंतर

इंदूरला राजेंद्र नगरात माझा भाजणी, मेतकूट, लाडूंचा छोटा उद्योग आहे. बिलं, उधारी, लेबलं, सगळं मुलाच्या लॅपटॉपवर. त्यात मायक्रोसॉफ्टचं 'ऑफिस होम अँड स्टुडंट 2021': एकदाच पैसे भरायचे, एकाच संगणकावर वापरायचं.

चालतं झकास. एक्सेलमध्ये 'समइफ्स' (अटीप्रमाणे बेरीज करणारं सूत्र) लावलं की कोणत्या दुकानाकडे किती येणं आहे ते लगेच दिसतं. दिवाळीच्या गर्दीत नेट गेलं तरी बिल थांबलं नाही.

घोळ कळला तो आउटलुक, म्हणजे मेलचा प्रोग्राम, शोधताना. ऑर्डरच्या मेल एका जागी आणाव्यात म्हटलं, तर ते यात नाहीच. भाच्याला विचारलं, त्यानं लायसन्सच्या अटीच वाचून दाखवल्या: वापर वैयक्तिक, व्यवसायासाठी नाही. आउटलुक आणि धंद्यासाठी वापरायची परवानगी, दोन्ही 'होम अँड बिझनेस' या वेगळ्या आवृत्तीत. घेताना दुकानदाराला मी विचारलं होतं हो! "दीदी, सब चलता है," म्हणाला. खोटं नव्हतं. चालतंच. ना कुलूप लागतं, ना सूचना येते.

आमचे हे म्हणाले, "एक्सेल तेच ना? मग?" मी त्यांना ओट्याखालचं सिलिंडर दाखवलं. गॅस तोच, तरी लाडूंची कढई मी घरच्या लाल 14.2 किलोवाल्यावर चढवत नाही, धंद्याचं 19 किलोचं वेगळं आणते. तिथे नियम पाळायचा आणि इथे डोळेझाक?

मायक्रोसॉफ्ट 365 फॅमिलीही पाहिलं. सहा जण, प्रत्येकाला फाईली ठेवायला 1 टीबी ऑनलाइन जागा, मोह पडावा असंच. पण तेही घरगुती वापरासाठीच. शिवाय 2021च्या आवृत्तीचा सपोर्ट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच, तेव्हा तिच्यात पुन्हा पैसे कशाला घालायचे?

शेवटी जुन्या डेस्कटॉपवर लिब्रेऑफिस टाकलं, ऑफिससारखंच दुसरं सॉफ्टवेअर. फुकट, आणि धंद्यालाही मोकळं. उधारीची फाईल उघडली, बेरजा जुळल्या. लेबलांचे समास मात्र पुन्हा बसवावे लागले, दोन संध्याकाळी गेल्या.

मुलाच्या अभ्यासासाठी होम अँड स्टुडंटला पाचपैकी साडेचार. धंद्यासाठी घेणार असाल तर आधी डब्यावरचं पूर्ण नाव वाचा. आधीच घेतलं असेल तर एक्सेलमध्ये 'फाइल', मग 'अकाउंट'. नाव तिथे दिसतं.

मेतकुटाचं लेबल अजून थोडं खालीच छापतंय. रविवारी बघते.