मुखपृष्ठाचं रफ आणि कंट्रोलनेट: आठ महिने वापरल्यावर

मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. गेले आठ महिने चित्रं बनवणारं एक मुक्त (ओपन सोर्स) एआय मॉडेल आणि जोडीला कंट्रोलनेट, म्हणजे त्या मॉडेलला आपल्या रेषांच्या चौकटीत ठेवणारी जोडणी, घरच्या संगणकावर वापरतेय. कंट्रोलनेट २०२३च्या फेब्रुवारीत आलं. त्याआधी आकृती कुठे उभी राहील, हात कुठे जाईल यावर फारसा ताबा नसायचा. आता पेन्सिलचं रफ स्कॅन करून दिलं की त्याच रेषा धरून एआय रंग-प्रकाश भरतं. रेषांना किती चिकटून राहायचं, याचा ० ते २ असा आकडा असतो. रंगसंगती शोधताना मी तो ०.६ च्या आसपास ठेवते. पोस्टर कलरमध्ये तीन रंगसंगती करायला पूर्वी अख्खी दुपार जायची, आता चहा उकळेपर्यंत दहा-बारा समोर येतात. हा फायदा खरोखर मोठा आहे.

पहिले दोन महिने मात्र मी आधी एआयकडून चित्र घ्यायचे आणि मग पेन्सिल उचलायचे. ते पहिलं गुळगुळीत चित्र डोळ्यांत असं बसायचं की दुसरं काही सुचेचना. मधोमध माणूस, मागे संध्याकाळ, प्रत्येक वेळी तेच! आता आधी वहीत काडेपेटीएवढ्या सहा चौकटी काढते आणि त्यातली एक पक्की झाल्याशिवाय संगणक लावत नाही.

एका कादंबरीसाठी विहिरीतून पाणी शेंदणारी बाई हवी होती. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, कासोटा घातलेला, एक पाय काठाला रेटलेला. एआयने लुगड्याचा घागरा केला. आकडा वाढवला तेव्हा कासोट्याची रेष राहिली, पण नुसती सुरकुती म्हणून. त्याहून खटकला तो दोर. भरलेली घागर वर येत असताना दोर काठीसारखा ताठ हवा, खांद्यापासून टाचेपर्यंत तो ताण दिसायला हवा. माझ्या रफमध्ये तो एका झटक्यात ओढलेला होता, पडद्यावर मात्र सैल लोंबत होता आणि बाई नुसती उभी. शेवटी आकाशाचा रंग तेवढा तिथून घेतला. बाई, दोर, विहीर सगळं शाईने हातानेच काढलं, छापलंही तेच.

शीर्षकाची अक्षरं तर मी त्याला देतच नाही. देवनागरीसारखे आकार येतात, वाचता काही येत नाहीत.

घेणार असाल तर ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड मला पुरलंय. आणि एआय कुठे वापरलं, ते प्रकाशकाला रफ दाखवतानाच सांगते.