कॅमॅरो सरस, मग लोक चॅलेंजर का घेतात?

२०२१ साली अमेरिकेत डॉज चॅलेंजर सुमारे ५४ हजार खपल्या, फोर्ड मस्टँग ५२ हजार आणि शेव्हर्ले कॅमॅरो जेमतेम २२ हजार. तिघींत वळणावर सगळ्यात चांगली चालते ती कॅमॅरो. सगळ्यात जड आणि सगळ्यात जुन्या सांगाड्यावर उभी आहे ती चॅलेंजर. खपाचा क्रम लावला तर बरोबर उलटा. सेकंड हँड व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या इंजिनाची गाडी) शोधायला निघालेल्या माणसानं हे आकडे आधी पचवावेत, कारण लोक पैसे कशाचे मोजतात ते यात दिसतं.

सेकंड हँड म्हणायचं कारण म्हणजे कॅमॅरो आणि चॅलेंजर या दोघींचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं. कोरी मिळते ती फक्त मस्टँग. म्हणून इथे २०१८ ते २०२३ मधल्या मस्टँग जीटी, कॅमॅरो एसएस आणि चॅलेंजर स्कॅट पॅक या व्ही-८ मॉडेलांचाच विचार करू. याच गाड्यांच्या सुपरचार्जरवाल्या (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवलेल्या) हेलकॅट, झेडएल१ आणि शेल्बी जीटी५०० चं गणित वेगळं आहे, आणि त्या घेणारा माणूस तुलना वाचत बसत नाही.

ताकदीवरून निवड करता येणार नाही हे आधीच सांगतो. मस्टँगच्या ५ लिटर इंजिनाची ताकद ४६० हॉर्सपॉवर (२०२२ पासून थोडी कमी), कॅमॅरोच्या ६.२ लिटरची ४५५, स्कॅट पॅकच्या ६.४ लिटरची ४८५. शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंत तिघी चार सेकंदांच्या आसपास पोहोचतात. सिग्नलवरून सुटताना कोण पुढे जाईल हे गाडीपेक्षा टायरवर आणि चालवणाऱ्याच्या पायावर ठरतं. फरक आहे तो इंजिनाच्या स्वभावात. मस्टँगचं इंजिन चढत जातं, खरी मजा साडेचार-पाच हजार आरपीएमच्या वर. उरलेली दोन खालूनच ओढतात, पाय नुसता ठेवला तरी पुरतं.

कॅमॅरोबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्यावर अन्याय झालाय असं मला वाटतं. २०१६ साली आलेल्या या पिढीचा सांगाडा कॅडिलॅकच्या एटीएस सेडानशी नातं सांगणारा. आधीच्या कॅमॅरोपेक्षा ती साधारण ९० किलोंनी हलकी झाली. इंजिन एलटी१, म्हणजे सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये असलेलंच. मॅन्युअल गिअरबॉक्स ट्रेमेक कंपनीचा, आणि तो मस्टँगच्या गिअरबॉक्सपेक्षा हाताला कितीतरी बरा लागतो. त्यात १एलई पॅकेज, म्हणजे रेसट्रॅकसाठीची खास बांधणी, असेल तर रेसट्रॅकवर ती दुप्पट किमतीच्या जर्मन गाड्यांचा घाम काढते. निव्वळ चालवण्याच्या आनंदाला पैशांनी भागलं तर उत्तर कॅमॅरो येतं, दुसरं येतच नाही.

पण तिच्यात बसून बघा. खिडक्यांच्या पट्ट्या अरुंद, दरवाजाची कड खांद्यापर्यंत. सिग्नलखाली उभं राहिलात तर दिवा हिरवा झाला की नाही हे बघायला मान वाकवावी लागते. लेन बदलताना मागचं दिसतं ते अंदाजानंच. डिकी ९ घनफुटांची आणि तिचं तोंड इतकं लहान की मोठी बॅग आत जाईपर्यंत कसरत. मागची सीट नावापुरती. ट्रॅकवरच्या वीस मिनिटांत यातलं काहीही आठवत नाही, पण रोजच्या ट्रॅफिकमधल्या तासाभरात सगळं आठवतं. ज्यांनी ही गाडी शोरूममध्ये बघून सोडून दिली ते मूर्ख नव्हते.

चॅलेंजर याच्या अगदी उलट. वजन १,९०० किलोंच्या वर, म्हणजे इतर दोघींपेक्षा दोनशे किलो तरी जास्त. घाटरस्त्यावर नेली की ते वजन प्रत्येक वळणाला जाणवतं. पण सरळ हायवेवर ती सोफ्यासारखी आहे. मागे तीन सीटबेल्ट, डिकी १६ घनफुटांची. या तिघींत पाच माणसांची गाडी हीच. पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील, त्यांना विमानतळावरून आणायचं असेल, तर मस्टँग-कॅमॅरोत त्यांना मागे बसवून दाखवा, मग बोलू. (दोनच दारं, त्यामुळे बाबांचे गुडघे चॅलेंजरमध्येही कुरकुरतीलच, पण बसतील तरी.) वर रूप १९७० च्या चॅलेंजरचं, आणि ६.४ लिटर हेमीचा (डॉजच्या व्ही-८ इंजिनाचं नाव) आवाज. गाडी सुरू केली की शेजारच्या घराच्या काचांना कळतं. ज्याला हा आवाज हवा आहे त्याला वळणांचे आकडे वाचून दाखवण्यात अर्थ नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण असतं, आणि २०२१ मध्ये ५४ हजार लोकांनी ते मोजलं.

हेमी घेताना मात्र एक परीक्षा जरूर करा. या इंजिनात लिफ्टरचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे) रोलर झिजून ते हलवणारा कॅमशाफ्ट खराब होण्याची तक्रार जुनी आहे, आणि ती दुरुस्ती महाग पडते. गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे विकणाऱ्यानं आधी सुरू करून ठेवलेली नसताना, जाऊन सुरू करा. टिकटिक ऐकू आली आणि इंजिन गरम झाल्यावरही राहिली, तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

मस्टँगबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, आणि हीच तिची बाजू भक्कम करते. ती कशातच पहिली नाही आणि कशातच नापास नाही. काचेतून बाहेरचं दिसतं, डिकी साडेतेरा घनफुटांची, दोन मुलांच्या चाइल्ड सीट मागे कशाबशा बसतात. कॅमॅरो एसएससाठी प्रीमियम पेट्रोल सांगितलेलं आहे, स्कॅट पॅकसाठीही. जीटी साध्या, ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालते, ताकद थोडी कमी होते इतकंच. आणि ओळख म्हणाल तर भारतात अधिकृतपणे विकली गेलेली यातली ही एकटीच, २०१६ साली, साधारण ६५ लाखांना. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकलात तर काकांनाही घोडा कळतो. हा मुद्दा हास्यास्पद वाटेल, पण अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो थोडाफार असतोच.

मिशिगन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक. तिन्ही व्ही-८ मागच्या चाकांवर चालतात. कॅमॅरो एसएस तर कारखान्यातूनच उन्हाळी टायरवर येते, आणि पारा पाच अंशांखाली गेला की ते रबर दगड होतं. हिवाळी टायरचा वेगळा संच किंवा दुसरी गाडी, यांपैकी एकाचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा. विम्याचं कोटेशनही सौदा करण्याआधी घ्या. डॉजच्या ताकदवान गाड्या चोरांच्या फार आवडीच्या आहेत आणि विमा कंपन्यांना ते माहीत आहे. वय कमी असेल किंवा राहणं मोठ्या शहरात असेल, तर हप्त्याइतकाच विमा बसू शकतो.

माझा कौल विचाराल तर असा. घरात दुसरी गाडी असेल आणि वळणावळणाचा रस्ता जवळ असेल तर कॅमॅरो. एकच गाडी असेल तर मस्टँग. चॅलेंजर घेणाऱ्याला माझ्या कौलाची गरज नाही, त्याचं आधीच ठरलेलं असतं.

कॅमॅरोच घ्यायची ठरली तर २०१९ ची एसएस मुद्दाम शोधा. त्या वर्षी पुढच्या जाळीवर काळी पट्टी टाकली, लोकांनी त्या तोंडाला इतकी नावं ठेवली की शेव्हर्लेनं पुढच्याच वर्षी ते बदललं. इंजिन तेच, आणि दहा गिअरचा ऑटोमॅटिक एसएसला त्याच वर्षी मिळाला. विकणाऱ्याकडे भाव करताना त्या तोंडाचा विषय आवर्जून काढा. आत बसल्यावर ते तुम्हाला दिसणार नाहीये.