मीटिंग ‘पुट ऑफ’ करायची की ‘कॉल ऑफ’?

मेल लिहिताना बोटं इथेच अडखळतात. दोन्हींत ‘ऑफ’ आहे, दोन्हींत ठरल्या वेळी मीटिंग होत नाही. फरक एवढाच की पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलली आणि कॉल ऑफ म्हणजे रद्दच.

२०२० सालच्या दोन स्पर्धा आठवा. टोक्यो ऑलिंपिक पुट ऑफ झालं. नावातलं २०२० तसंच ठेवून २३ जुलै २०२१ला सुरू झालं. विम्बल्डन मात्र कॉल ऑफ. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच एखाद्या वर्षी ते झालंच नाही. आपल्याकडच्या बातम्यांतही हीच जोडी दिसते: संप पुढे ढकलला की पुट ऑफ, मागे घेतला की कॉल ऑफ.

कॉल ऑफ चालू असलेल्या कामालाही चालतं. समुद्रातली शोधमोहीम अर्ध्यावर थांबवली तरी ती ‘कॉल्ड ऑफ’. पुट ऑफ तिथे सहसा बसत नाही. त्याचा जीव चालढकलीत: ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट’. इथे ‘गोइंग’च, ‘टु गो’ नाही. सर्वनाम आलं तर दोन्हींत ते मध्ये बसतं: ‘पुट इट ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’. शिवाय ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे वासानेच मन उडालं; त्याचा तारखेशी काही संबंध नाही.

खरा घोळ तिसरीकडेच आहे. आपलं ‘पुढे’ म्हणजे नंतर. इंग्रजांचं ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे घेणं, आणि ‘पुट बॅक’ म्हणजे चक्क पुढे ढकलणं! लंडनच्या क्लायंटने गुरुवारचा कॉल एका दिवसाने ‘ब्रिंग फॉरवर्ड’ केल्याचं कळवलं, मी निवांत शुक्रवार धरून बसलो. बुधवारी दुपारी फोन वाजला तेव्हा माझ्यासमोर मिसळ होती आणि लॅपटॉप घरी.

‘प्रीपोन’ इथे सगळ्यांना कळतं, बिनधास्त वापरा. तिकडच्या माणसाला मात्र ते खटकू शकतं. रद्द असेल तर मी सरळ ‘कॉल्ड ऑफ’ लिहितो. पुढे-मागे करायची असेल तर कुठलंही क्रियापद वापरलं तरी शेजारी नवा वार, तारीख आणि वेळ टाकतो.