शिअर नट आणि लूप अलार्म: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. सोलर पॅनेलला शिअर नट जरूर लावावेत, पण नुसते वरचे नट बदलून चोरी थांबत नाही.

या नटाचा वरचा भाग नेहमीसारखा षटकोनी असतो आणि खालचा गुळगुळीत, शंकूसारखा. ठरावीक टॉर्कला (पिळून आवळण्याच्या जोराला) वरचा भाग मोडून पडतो, उरलेल्या शंकूवर पाना बसत नाही. मधे पिन असलेले स्टार डोक्याचे बोल्टही मिळतात. पण त्यांचे बिट सहज विकत मिळत असल्याने ते फक्त नवख्याला अडवतात.

दोन रेलवर (पॅनेल ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) एका ओळीत 10 पॅनेल असतील तर ओळीच्या टोकांना धरणारे एंड क्लॅम्प 4 आणि दोन पॅनेलच्या मधे बसणारे मिड क्लॅम्प 18, म्हणजे 22 नट लागतात. काटकसर करून फक्त एंड क्लॅम्पना लावले तर मधल्या पॅनेलचे चार मिड क्लॅम्प सोडवून ते खुशाल उचलून नेता येतं.

खरी फट खालून असते. बोल्ट उघड्या चॅनेलमधून वर आलेला असेल, तर वर शंकू असूनही खालचं षटकोनी डोकं फिरवून जोड सुटतो. तिथे गोल गुळगुळीत डोक्याचा, चौकोनी मानेचा कॅरेज बोल्ट घ्यावा आणि भोकही चौकोनी किंवा मान अडकेल इतकं अरुंद खाचेचं असावं. गोल भोकात तो बोल्ट नुसता फिरत राहतो. रेल आणि पायांचे जोडही विसरू नयेत. ते साधे ठेवले तर पॅनेलला हात न लावता अख्खी रेलच उतरवता येते.

साध्या नटावर शिअर नट चढवून 'डबल लॉक' करण्याचा सल्ला बरेच फिटर देतात. तो चुकीचा आहे. खालचा नट सोडायला फिरवला की तो वरच्याला जाऊन भिडतो आणि दोघे मिळून एकत्र बाहेर येतात. स्टड काढायची हीच तर जुनी युक्ती!

बसवताना ओळ आणि उतार पक्का होईपर्यंत साधे नट ठेवावेत, मग एकेक करून बदलावेत. वरचा भाग मोडल्यावर दुरुस्तीला वाव नसतो. नट ज्या टॉर्कला मोडतो तो आकडा पॅनेलच्या मॅन्युअलमधल्या क्लॅम्पच्या मर्यादेत बसतो का, हे खरेदीआधीच तपासावं. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट चढवताना आटे एकमेकांना धरतात आणि नट अर्ध्यातच जाम होतो. वरचा भाग मोडतो, पण क्लॅम्प सैलच राहतो. उपाय म्हणजे आट्यांना अँटी-सीझ पेस्ट आणि हातपाना. इम्पॅक्ट ड्रायव्हर नको. मात्र पेस्टने घर्षण घटतं, त्याच टॉर्कला क्लॅम्प जास्त आवळला जातो. म्हणून पेस्टसकट किती टॉर्क चालेल, हे नटाच्या कंपनीकडून विचारून घ्यावं.

लूप अलार्मशिवाय, म्हणजे पॅनेलमधून ओवलेली केबल कापली की वाजणाऱ्या सायरनशिवाय, हे सगळं अर्धवट वाटतं, कारण रात्री इन्व्हर्टर झोपलेला असतो आणि त्याच्या ॲपवर चोरी सकाळीच कळते. फ्रेमच्या मूळ भोकांतून दोन कोरची बारीक केबल ओवावी, नवीन भोकं पाडू नयेत, वॉरंटी जाते. अलार्म ज्यावरून केबल शाबूत आहे हे ओळखतो, तो रेझिस्टर अलार्मच्या पेटीत न बसवता केबलच्या अगदी शेवटच्या टोकाला बसवावा. तो पेटीत असेल तर वाटेत दोन तारा जोडून पुढची केबल कापली तरी अलार्म गप्प राहतो. जाणारी आणि येणारी तार एकाच केबलमध्ये असल्याने वीज कडाडल्यावर लूपमध्ये येणारा झटकाही कमी होतो. खोट्या सायरनचं कारण बहुतेक वेळा वाऱ्यात हलणारी केबल आणि पाणी शिरलेला जोड असतं. साधे पांढरे नायलॉन टाय उन्हाने तडकतात, तिथे यूव्हीरोधक काळे किंवा स्टेनलेसचे वापरावेत.

पॅनेल बदलायची वेळ आली तर आधी डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करायचा. मग शंकूवर ग्राइंडरने खाच पाडून छिन्नीने फिरवायचा. ठिणग्या काचेवर पडू नयेत म्हणून वर प्लायचा तुकडा ठेवावा. चोरही ग्राइंडर आणू शकतोच, फक्त त्याला आवाज आणि वेळ दोन्ही परवडावं लागतं. काढलेला नट परत वापरता येत नाही, तेव्हा खरेदी करतानाच त्याच मापाचे आठ-दहा जादा घेऊन ठेवावेत.