प्रेसने बसवायचं बेअरिंग की बोल्टवरचं हब युनिट?

चाकाची घरघर वळणावर कमी-जास्त होतेय, म्हणजे बेअरिंग गेलं. बहुतेकदा जातं ते सीलमुळे. पाणी आत शिरलं की ग्रीसचा पातळ लगदा होतो, रेसवर (छरे ज्यावरून फिरतात त्या कड्यावर) गंज धरतो आणि पृष्ठभागाचे खवले निघतात. दुसरं कारण आदळ. खड्ड्यात चाक आपटलं की छर्‍यांचे ठसे रेसवर उमटतात; घरघर मागाहून सुरू होते. बाहेर आलेली रुंद रिम लावली तर तिरका भार आणखी वाढतो. इथवर दोन्ही प्रकार सारखेच: नकलमध्ये (चाकाला धरणाऱ्या गाडीच्या भागात) प्रेसच्या दाबाने बसणारं बेअरिंग, आणि बेअरिंग व हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) एकत्र असलेलं बोल्टवरचं युनिट.

जुन्या टेपर रोलर (निमुळत्या रुळांच्या) बेअरिंगचा प्रकार वेगळा. तो धुऊन पुन्हा ग्रीस भरता येतो. चाक फिरवत नट आवळायचा, ढिला करायचा, मग बोटांनी बसवून स्प्लिट पिन घालायची. प्ले (सैलपणा) साधारण ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर. पण हल्लीच्या गाड्यांत तो पर्याय क्वचितच असतो.

प्रेसचं बेअरिंग स्वस्त आणि स्वतः काही कमी टिकाऊ नाही. त्रास आहे तो ते काढण्यात. हब बाहेर खेचला की आतल्या रेसचा अर्धा भाग बहुधा हबवरच चिकटून येतो. पुलरला (खेचून काढायच्या हत्याराला) पकड मिळत नाही, म्हणून ग्राइंडरने कापावा लागतो. ग्राइंडर जरा खोल गेला तर हबच्या बैठकीवर खाच पडते आणि तिथे नवी रेस नीट बसत नाही. माझा कौल हब युनिटकडे फिरला तो या एका गोष्टीवर.

पुढे बसवतानाही धोका आहेच. नकलमध्ये घालताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर हवा. हब घालताना आतल्या रेसला खालून आधार हवा. चुकलं तर सगळा दाब छर्‍यांतून जातो आणि नवं बेअरिंग ठसे घेऊनच गाडीत बसतं. एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकी कडा सेन्सरकडेच हवी. बसवण्यापूर्वी टाचणी लावून बाजू ओळखावी. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो, आणि प्रेसने परत काढलेलं बेअरिंग वापरण्याजोगं राहत नाही.

हब युनिट तीन-चार बोल्टवर येतं, आतला ताण कारखान्यातच बसवलेला, फ्लँज (चाक टेकतं ती तबकडी) नवी. महाग आहे, शिवाय गंजून नकलमध्ये घट्ट अडकतं. नवं लावण्याआधी नकलवरची बैठक तारेच्या ब्रशने चकचकीत करावी, नाहीतर डिस्क डगमगते आणि ब्रेक थरथरतो.

चांगली प्रेस आणि योग्य मापाच्या रिंगा हाताशी असतील तर पहिला मार्ग चुकीचा म्हणता येणार नाही. तरी गाडीत प्रेसचंच बेअरिंग असेल तर निदान नवा हब सोबत घ्यावा. मग चिकटलेली रेस जुन्या हबसकट भंगारात जाते.

कुठलंही लावा, ड्राईव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) नट नवा घ्या. इम्पॅक्ट गन नको, टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यावर आवळा. तो आवळल्याशिवाय गाडीचा भार चाकावर टाकू नका, कारण बर्‍याच रचनांत आतल्या रेसचे दोन अर्धे घट्ट धरून ठेवतो तो हाच नट.