आठवी ‘ब’मधलं ७५ इंची पॅनेल: नऊ महिने वापरल्यानंतर

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी आठवीला गणित शिकवते. वर्गात ५८ मुलं. निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड, काहींत उर्दू, आणि शाळेत आल्यावर मराठी. वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळते, अशी घरं बरीच. गेल्या जुलैत माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं वर्गणी काढून आम्हाला ७५ इंची टच पॅनेल, म्हणजे बोटानं लिहिता-चालवता येणारा टीव्हीसारखा मोठा पडदा दिला. आता एप्रिल संपत आलाय. दुसऱ्या शाळांतल्या मैत्रिणी फोन करून विचारतात, “घ्यावं का गं?” हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिले दोन महिने मी ते चुकीचं वापरलं. विक्रेत्यानं पॅनेलसोबत ‘डिजिटल अभ्यासक्रम’ दिला होता, प्रत्येक धड्याचा तयार व्हिडिओ. लावला की ५८ मुलं चिडीचूप. व्हरांड्यातून जाणाऱ्यांना वाटायचं, काय छान वर्ग चाललाय! मलाही तसंच वाटत होतं. ‘समांतर रेषा व छेदिका’चा व्हिडिओ मुलांनी दोनदा पाहिला, सगळ्यांना आवडला. घटक चाचणीत मात्र संगत कोन आणि व्युत्क्रम कोन यांची अशी सरमिसळ झाली की पेपर तपासताना मी मध्येच थांबले. दुसऱ्या दिवशी एका मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “बाई, त्यात लाल-लाल जोडी होती आणि निळी-निळी. पेपरात रंगच नव्हता.” कोन कुठे आहे हे मुलांनी पाहिलंच नव्हतं, रंग पाहिला होता. त्यात त्या व्हिडिओंची भाषा: लसाविला ‘एलसीएम’, शिरोलंबाला नुसतं ‘उंची’. पाठ्यपुस्तकात एक शब्द, पडद्यावर दुसरा. ज्या मुलांना मराठीच शाळेत येऊन शिकावी लागते त्यांच्यावर हा दुप्पट भार. पुढच्या वर्षी त्या अभ्यासक्रमाचं नूतनीकरण पैसे भरून करायचं आहे. करू नये, असं मी मुख्याध्यापकांना लेखी कळवलंय.

सप्टेंबरात वेगळंच सुरू झालं. दुपारी तीननंतर पॅनेलवर आपोआप रेघा उमटायच्या. कोणी हात लावलेला नाही आणि पान सरकतंय, खोडरबर चालतोय. विक्रेत्याला फोन केला की “माणूस पाठवतो” एवढंच. असे तीन आठवडे गेले. शेवटी आमच्या विज्ञानाच्या सरांच्या लक्षात आलं की ढगाळ दिवशी हा त्रास होत नाही. या प्रकारच्या पॅनेलच्या चौकटीत अवरक्त किरणांचं जाळं असतं. बोट मध्ये आलं की किरण अडतो आणि यंत्राला कळतं, इथं स्पर्श झाला. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट चौकटीवर पडलं की तो हिशेब बिघडतो. दुसऱ्या दिवशी मी घरातली जुनी सोलापुरी चादर आणून खिडकीला टांगली. रेघा बंद. बाजारचा पातळ पडदा त्या उन्हाला पुरला नसता. चौकटीच्या खाचेत धूळ साचली तरी तसाच त्रास होतो. आमचं मैदान मातीचं, म्हणून दर शनिवारी दोन मुलं मऊ ब्रशनं चौकट झाडतात.

विजेचं थोडक्यात: इन्व्हर्टरशिवाय घेऊ नका. लाइट गेली आणि आली की पॅनेल पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दीड मिनिट जातं, आणि तेवढ्यात वर्ग हातातून सुटतो. उष्णतेचं त्याहून अवघड आहे. आमच्या पॅनेलच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलंय. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा बाहेरच ४२च्या वर जातो आणि आमच्या वर्गावर पत्रा. सकाळची शाळा असूनही अकराला मागची बाजू इतकी तापते की हात ठेववत नाही. म्हणून या महिन्यात पहिले तीन तास पॅनेल, नंतर फळा.

फळ्याबद्दल इथंच बोलते. पॅनेल आल्यावर जुना फळा काढून तिथं मोठा पडदा करू, असा विचार काहींनी मांडला होता. मी हट्टानं तो काढू दिला नाही, आणि आज त्याचं मला फार समाधान आहे. पॅनेलवर पान भरलं की पुढचं पान. मागं राहिलेला मुलगा तिसऱ्या पायरीवर मान वर करतो, तर पहिली पायरी गायब. फळ्यावर ती तास संपेपर्यंत राहते. आता प्रमेयाचं विधान, सूत्र, उदाहरणाच्या पायऱ्या मी खडूनं लिहिते आणि जे हलवून दाखवायचं ते पॅनेलवर घेते.

हलवून दाखवण्यासाठी जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरसारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. ‘त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा’ हा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलाय. विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंबसंपात, म्हणजे तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू, बाहेर असतो, हे वाक्य मुलं पाठ करायची. यंदा एका मुलीला पुढं बोलावलं आणि त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटानं ओढायला सांगितलं. लघुकोन त्रिकोण होता, तिन्ही शिरोलंब आत मिळत होते. ती ओढत गेली तसा संपातबिंदू कडेकडे सरकला. काटकोन झाला त्या क्षणी तो बरोबर काटकोनाच्या टोकावर बसला. ती आणखी ओढायला लागली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, बिंदू बाहेर जाऊलालाय की!” मग वर्गानं तिला थांबूच दिलं नाही. आत आण, बाहेर काढ, परत आत आण. मग तिन्ही मध्यगा जिथं मिळतात तो बिंदू बाहेर काढून दाखवा म्हटलं. पाच-सहा जणांनी येऊन पाहिलं. तो काही केल्या बाहेर जाईना. का जाईना, यावर उरलेला तास गेला. वीस वर्षांत या धड्यावर मला इतके प्रश्न कोणी विचारले नव्हते.

विज्ञानाचे सर कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, वापरतात. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो प्रकल्प सुरू केला. बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि उतरवून ठेवता येतात.

पण नऊ महिन्यांत माझं शिकवणं ज्यानं बदललं, ती वस्तू पॅनेलपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. २,००० रुपयांचा साधा वेबकॅम, लवचीक मानेच्या स्टँडवर उलटा लावलेला. खाली मुलाची वही ठेवली की ती ७५ इंचांवर दिसते. आधी मी मोबाइल बिनतारी जोडत होते, पण चित्र अडखळायचं. वेबकॅमची वायर थेट पॅनेलला लागते, नेटचा संबंधच नाही.

सुरुवात मात्र माझ्या हातून वाईट झाली. ऑगस्टमध्ये उजळणी घेताना एका मुलाची वही मी न विचारता उचलून मोबाइलखाली ठेवली. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. त्यानं वरचे अंक वर मिळवले होते, खालचे खाली, उत्तर तीन सप्तमांश. ही चूक खूप मुलं करतात, म्हणून सगळ्यांना उपयोग होईल असं मला वाटलं. वर्ग हसला. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, तिला काहीच माहीत नव्हतं. तो आतून आला आणि खाली बघत म्हणाला, “माझं अक्षर वाईट हाय म्हणून हसले सगळे.” गणित चुकलंय हे त्याला कळलंच नव्हतं. भिंतीएवढ्या पडद्यावर त्याला फक्त आपलं अक्षर दिसलं होतं. मी त्याची माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोरही मागितली.

त्यानंतर पद्धत बदलली. पहिला महिनाभर मी फक्त माझी वही ठेवली, मुद्दाम चूक करून. “यात बरोबर काय आहे ते आधी सांगा” हा नियम केला. चूक कुठे, हे नंतर. मग मुलांच्या वह्या, पण विचारून आणि नावावर कागद ठेवून. एकाच उदाहरणाच्या दोन वह्या शेजारी ठेवल्या की मला फारसं बोलावंच लागत नाही, मुलं स्वतः पायरी न् पायरी ताडून पाहतात. हसू थांबायला दिवाळी उजाडली.

फेब्रुवारीत चक्रवाढ व्याज चाललं होतं. १०,००० रुपये, दसादशे १०, दोन वर्षं. सूत्र फळ्यावर होतं, तरी बऱ्याच जणांचं उत्तर १२,०००. तोच मुलगा उठला, न सांगता पुढं आला आणि आपली वही कॅमेऱ्याखाली ठेवली. नावावर कागदही ठेवला नाही. त्यानं सूत्र वापरलंच नव्हतं. ओळी आखून पहिल्या वर्षाअखेर ११,००० आणि दुसऱ्या वर्षाअखेर १२,१०० लिहिले होते. ११,००० खाली दोन रेघा. “दुसऱ्या वर्षी व्याज ह्याच्यावर लागतंय, दहा हजारावर नाही. आईच्या बचत गटात असंच करतेत.” वर्गात सगळ्यांना ते समजलं. यापुढे मी तो धडा सूत्रापासून सुरू करणार नाही.

त्याच कॅमेऱ्याखाली एकदा जॅकार्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचं, कार्डही आलं. सममितीवर बोलताना चादरीच्या नक्षीचा विषय निघाला आणि एका मुलानं आजोबांच्या ट्रंकेतलं पुठ्ठ्याचं, भोकं पाडलेलं कार्ड आणलं. पडद्यावर भोकं नाण्याएवढी दिसत होती. भोक असेल तिथं त्या जागचा उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं तो खालीच राहतो. भोक आणि भोक नाही, या दोनच खुणांवर अख्खी नक्षी. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हा माग घडवला, आणि पुढे इंग्लंडचे गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी, हीच कार्डाची कल्पना घेतली, हे सांगितल्यावर मुलं आधी पॅनेलकडे बघायला लागली, मग कार्डाकडे. ज्याचं कार्ड होतं तो मुलगा दिवसभर ते सगळ्या वर्गांत दाखवत फिरला. आपल्या घरातली वस्तू कॉम्प्युटरच्या नात्यातली आहे, हे मी त्याला कुठल्या व्हिडिओतून पटवून देऊ शकले नसते.

आणखी एक गोष्ट उपयोगी पडली, प्लिकर्स नावाचं मोबाइल ॲप. प्रत्येक मुलाकडे कागदाचं एक क्रमांकाचं कार्ड. उत्तराचा पर्याय वरच्या बाजूला येईल असं ते धरायचं, मी माझ्या मोबाइलनं वर्गावरून एकदा कॅमेरा फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते कळतं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही साधत नाही. उणे ३ वजा ५ याचं उत्तर आठवीच्या २३ मुलांनी उणे २ दिलं, तेव्हा मला पुढचा धडा चार दिवस लांबवावा लागला. हात वर करायला सांगितलं असतं तर ही २३ मुलं मला दिसलीच नसती. यासाठी पॅनेलही लागत नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यावर निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या कोडसाठी शिक्षकाच्या हातातला एक मोबाइल पुरतो. बालभारतीच्या पुस्तकांवरचे कोड मी अधूनमधून वापरते, पण व्हिडिओ आता तीन मिनिटांच्या पुढे जाऊ देत नाही.

पाण्याच्या दिवसाबद्दल बाहेरच्यांना नवल वाटेल. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी आई-वडील कामावर असतील तर मोठ्या मुलीला घरी राहावं लागतं. पूर्वी तो धडा बुडायचा. आता पॅनेलवर लिहिलेली पानं पीडीएफ करून मी पालकांच्या ग्रुपवर टाकते. फोन वडिलांबरोबर पाळीला जातो, त्यामुळे रात्रीच बघायला मिळतं, पण मिळतं. एक मुलगी दुसऱ्या दिवशी ती सगळी पानं वहीत उतरवून आणते, अगदी माझ्या हातून वाकडी आलेली रेघसुद्धा.

जूनमध्ये सातवीसाठी दुसरं पॅनेल द्यायची माजी विद्यार्थ्यांची इच्छा आहे. मी त्यांना सांगितलंय की आधी सगळ्या तुकड्यांना एकेक वेबकॅम आणि स्टँड द्या, जुना प्रोजेक्टर आहेच. त्यातून पैसे उरले तर इन्व्हर्टर, मग पॅनेल. तयार अभ्यासक्रम नको. आणि पॅनेल ठोकायच्या आधी दुपारी तीनला येऊन ऊन कुठवर येतं ते बघा. खिडकीसाठी चादर माझ्याकडे आणखी एक आहे.